नाल्यांची जमाबंदी

१

वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्याच्या माळरानावर उगम पावणारी, सेनगावच्या शिवारातून वळणे घेत नर्सीजवळ येणारी, तेथून हिंगोली शहराच्या कडेने कळमनुरीच्या मुलखात उतरणारी आणि अखेर पैनगंगेला मिळून वर्धा, प्राणहिता अशा टप्प्यांनी गोदावरीत समाविष्ट होणारी कयाधू ही महाराष्ट्राच्या नकाशावर सहजासहजी नजरेत भरणारी नदी नाही. पुराणांनी प्रल्हादाच्या मातेला जे नाव दिले तेच नाव ती धारण करते. पावसाळ्यात तिला पूर येतात, हिवाळ्यात धार बारीक होते आणि उन्हाळ्यात पात्र उघडे पडून पाणी डोहाडोहांतून काय ते उरते. बारमाही मोठ्या नदीत पडलेली घाण प्रवाहाच्या विस्ताराने काही अंशी तरी विरळ होते. कयाधूसारख्या हंगामी नदीला तो आधार नाही, आणि म्हणून काठावरच्या वस्तीने तिच्यात काय सोडावे व काय सोडू नये हा प्रश्न गंगा-गोदावरीपेक्षा अशा लहान नद्यांच्या बाबतीत अधिक निकडीचा ठरतो.

या नदीच्या काठी नर्सी येथे इ. स. १२७० मध्ये नामदेवांचा जन्म झाला अशी वारकरी परंपरेची दृढ श्रद्धा आहे, आणि गावाने तर ते नाव आपल्या नावालाच जोडून घेतले आहे. ज्यांच्या ६१ पदांना गुरु ग्रंथसाहिबात स्थान मिळाले आणि ज्यांच्या पंजाबातील कर्मभूमीत, घुमान येथे, २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन भरले, त्या पुरुषाचे हे गाव मराठी व पंजाबी अशा दोन्ही भाविकांचे श्रद्धास्थान आहे. पंढरीची आषाढी आटोपून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला येथे येतात. या परतवारीला लाखांच्या संख्येने माणसे जमतात, आणि एका लहान ग्रामपंचायतीच्या रस्त्यांवर, नाल्यांवर व नदीकाठावर एका दिवसापुरता एखाद्या शहराइतका भार येऊन पडतो.

या तिथीचा एक विशेष असा की ती ऐन पावसाळ्यात पडते. कार्तिकीच्या किंवा माघीच्या यात्रेनंतर मागे राहिलेला कचरा झाडून गोळा करण्यास थोडा तरी अवधी मिळतो. आषाढ वद्यात मात्र सायंकाळी पडलेले पान, द्रोण, उष्टे अन्न, प्लास्टिकची पिशवी आणि उघड्यावरचा मैला रात्रीच्या एका सरीने नाल्यात आणि नाल्यातून कयाधूत जातो. एखाद्या शहराने पाऊसपाण्याचे प्रदूषण कसे रोखावे याची योजना आखणे हा अलीकडे जगभरच्या नगरशास्त्राचा महत्त्वाचा विषय झाला आहे. त्या विषयाचा विचार मुंबई-पुण्यापासून न करता नर्सीपासून हिंगोलीपर्यंतच्या या छोट्या पट्ट्यापासून का करावा, याचे कारण येथेच आहे: वरच्या अंगाला तीर्थक्षेत्र, खालच्या अंगाला जिल्ह्याचे शहर, दोहोंना जोडणारी एकच दुबळी नदी, आणि दोहोंच्या मध्ये कोणतीही सामाईक जबाबदारी नाही.

२

सांडपाणी आणि पाऊसपाणी हे दोन वेगवेगळे विषय आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे आपल्याकडील पुष्कळशा योजना अर्ध्यावर फसतात. सांडपाणी रोजचे असते. त्याचे प्रमाण ठरलेले, वेळा ठरलेल्या, बाहेर पडण्याची जागाही ठरलेली. मोरीतून, संडासातून, कारखान्याच्या नळातून ते निघते, आणि म्हणून त्याला नळ जोडून शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेणे हे खर्चाचे असले तरी सरळ काम आहे. पाऊसपाण्याला असा उगम नाही. ते छपरावरून, अंगणातून, रस्त्यावरून, बाजारपटांगणातून, गॅरेजच्या तेलकट ओट्यावरून, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरून, गोठ्यातून आणि उकिरड्यावरून एकाच वेळी वाहते; आकाशातून पडताना ते जवळजवळ निर्मळ असते आणि नदीपर्यंतच्या अर्ध्या-एक कोसाच्या वाटेत ते मलिन होते. त्यामुळे त्याचा दोष कोणा एकाच्या नावे लिहिता येत नाही, आणि ज्या दोषाला धनी नाही त्याची दप्तरात नोंदही होत नाही.

पहिल्या पावसाचे पाणी हा या विषयाचा गाभा होय. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत जे जे जमिनीवर साचते, म्हणजे शेणाची पूड, चाकांच्या रबराची झीज, वाहनांतून ठिबकलेले तेल, भाजीबाजारातला नासका माल, नाल्यांच्या तळाशी बसलेला काळा गाळ, ते सगळे मृगाच्या पहिल्या दोनचार सरी उचलून नेतात. पावसाच्या आरंभीच्या प्रवाहात घाणीचे प्रमाण नंतरच्या प्रवाहाहून अधिक असते असा अनेक देशांतल्या मोजणीचा अनुभव आहे. या सुमारास नदीत पाणीही थोडेच असते. घाणीच्या लोंढ्याने त्यातला प्राणवायू खर्ची पडतो, आणि उन्हाळाभर डोहांत तग धरून राहिलेले मासे नेमके पावसाच्या आगमनाने मरतात. ज्या दिवसाची शेतकरी डोळे लावून वाट पाहतो तोच दिवस नदीच्या जलचरांना घातक व्हावा, ही आपल्या वस्त्यांच्या रचनेतील मोठी विसंगती आहे.

हे प्रमाण किती मोठे असते याचा साधा हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी हे शासकीय मान धरले आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानले, तर शहराचे एका दिवसाचे सांडपाणी सुमारे ९२ लाख लिटर होते. आता शहरातील दाट वस्तीचा केवळ एक चौरस किलोमीटर भाग घ्यावा आणि त्यावर अवघा १० मिलिमीटर पाऊस पडला असे समजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी; त्या मानाने तेवढ्या भागावर १ कोटी लिटर पाणी पडले, आणि सिमेंटचे रस्ते व पक्की छपरे यांमुळे त्यातील ७० टक्के वाहून गेले तरी ७० लाख लिटर पाणी तासाभरात नाल्यांत उतरले. संपूर्ण शहराच्या दिवसभराच्या सांडपाण्याच्या तीनचतुर्थांशाइतके पाणी एका साध्या सरीने शहराच्या एका तुकड्यातून निघते. कोणतेही शुद्धीकरण केंद्र हा लोंढा पेलू शकणार नाही. पाऊसपाणी नदीच्या तोंडाशी अडवून धुऊन काढता येत नाही; ते ज्या भूमीवरून वाहते ती भूमी पाऊस येण्यापूर्वी स्वच्छ ठेवणे हाच खरा उपाय ठरतो.

३

नगरांनी या सत्यापर्यंत पोहोचण्यास फार वेळ घेतला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनमधील पार्लमेंटचे काम चालवणे कठीण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलगेट यांनी भूमिगत गटारांचे जे विशाल जाळे उभारले त्यात मैला आणि पाऊस एकाच नळातून वाहत असत. जोराचा पाऊस झाला की नळ तुडुंब भरून दोन्ही नदीत सांडत, आणि त्या व्यवस्थेचा दोष पुढची दीड शतके त्या शहराला निस्तरावा लागला. पुढे मैल्याचे नळ वेगळे व पावसाची गटारे वेगळी असा शिरस्ता पडला आणि आपल्या देशातील नगररचनेनेही तोच स्वीकारला. कागदावर हा भेद अगदी स्पष्ट असतो. प्रत्यक्षात मराठवाड्यातील बहुतेक गावांत व शहरांत रस्त्याच्या कडेची उघडी नाली हीच एक व्यवस्था असते; आठ महिने तिच्यातून न्हाणीचे व भांड्यांचे पाणी रेंगाळत वाहते आणि चार महिने त्याच नालीवर पाऊस येऊन आदळतो.

मराठवाडा ज्या दौलतीत होता तिच्या राजधानीवर २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीचा प्रलय कोसळला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुराला आळा घालणारे जलाशय आणि शहराच्या मैल्याच्या निचऱ्याची व्यवस्था यांचा त्यांनी एकत्र विचार केला. उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव त्या विचाराचे फळ होत. हिंगोली तेव्हा त्याच राज्यातील परभणी जिल्ह्याचा एक तालुका होता. राजधानीला मिळालेली ही दूरदृष्टी तालुक्याच्या गावांपर्यंत झिरपली नाही, आणि १९४८ च्या मुक्तीनंतर, मराठवाडा महाराष्ट्रात आल्यानंतर आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतरही लहान शहरांच्या पाऊसपाण्याकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही.

मुंबईकडे मात्र सर्वांचे लक्ष गेले. १९८५ च्या अतिवृष्टीनंतर तेथील पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास होऊन १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी जुनी गटारे तासाला ५० मिलिमीटर नेण्याजोगी करावीत ही त्याची मुख्य सूचना होती. अंमलबजावणी रेंगाळली, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस होऊन महानगर बुडाले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या आपत्तीची सविस्तर मीमांसा केली. पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली, कारण रस्त्यांवर आलेले पाणी उंदरांच्या मूत्राने, कचऱ्याने व मैल्याने दूषित झालेले होते. तरीही या सर्व खटाटोपातून सार्वजनिक चर्चेत उरला तो एकच प्रश्न: पाणी किती लवकर बाहेर काढता येईल? ते पाणी वाटेत काय काय घेऊन जाते, हा दुसरा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न कायद्याच्या भाषेत प्रथम ठामपणे मांडला अमेरिकेने. १९७२ च्या जलशुद्धी कायद्याने तेथील कारखान्यांच्या व मैल्याच्या नळांना वेसण घातली. नद्या मात्र अपेक्षेइतक्या सुधारल्या नाहीत. १९८७ मध्ये कायदा दुरुस्त करून पाऊसपाण्याची जबाबदारी शहरांवर टाकण्यात आली, १९९० च्या नियमांनी ती एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना आणि १९९९ च्या नियमांनी लहान शहरांनाही लागू झाली. लहान शहरांसाठी तेथे सहा कर्तव्ये सांगितली आहेत: नागरिकांना माहिती देणे, योजनेत त्यांना सहभागी करणे, पावसाच्या गटारांत चोरून सोडलेले सांडपाणी शोधून बंद करणे, चालू बांधकामावरची माती अडवणे, बांधकाम पुरे झाल्यावर त्या जागेतले पाणी तेथेच मुरण्याची सोय करणे, आणि नगरपालिकेने स्वतःची आवारे, वाहने व रस्ते स्वच्छ राखणे. यांपैकी एकही कर्तव्य असे नाही की ज्यासाठी अवाढव्य यंत्रे लागतात. ही सारी कामे शिस्तीची, नोंदीची आणि नित्याच्या देखरेखीची आहेत. हिंगोलीसारख्या शहरासाठी आणि नर्सीसारख्या गावासाठी हीच या विषयातील आशेची जागा आहे.

४

एकोणिसाव्या शतकात आपल्या मुलखात जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक शेताला नंबर पडला, बांध-हद्दी कायम झाल्या, कोणत्या नंबराचा धारा किती व तो कोणी भरावयाचा हे दप्तरात नोंदले गेले, आणि त्या एका व्यवस्थेमुळे महसुलाचा अनिश्चित व्यवहार निश्चित झाला. पाऊसपाण्याच्या प्रदूषणाला आळा घालावयाचा असेल तर नाल्यांची अशीच जमाबंदी झाली पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. नर्सीपासून हिंगोलीच्या खालच्या हद्दीपर्यंत कयाधूला दोन्ही काठांनी जेवढे ओढे, नाले, नाल्या आणि नळ मिळतात त्या प्रत्येकाला क्रमांक द्यावा. तो कोठे सुरू होतो, किती क्षेत्राचे पाणी घेतो, वाटेत कोणत्या वस्त्या, बाजार, गोठे, गॅरेजे व दवाखाने त्याला लागतात, त्याची नदीकडील मोरी कोणत्या अवस्थेत आहे, आणि त्याच्या स्वच्छतेची जबाबदारी कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे आहे, हे एका नोंदवहीत लिहावे. शेताला जसा सातबारा तसा नाल्याला उतारा असावा आणि तो कोणत्याही नागरिकाला मागता यावा.

ही नोंदवही जिवंत ठेवण्यासाठी वर्षातून तीन पाहण्या पुरेत. पहिली पाहणी चैत्र-वैशाखात करावी, आणि तिचा नियम इतका सोपा आहे की त्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज पडत नाही: कित्येक आठवडे पाऊस झालेला नसताना जो पावसाचा नाला वाहत आहे, त्यात कोणाचे तरी सांडपाणी येत आहे. खालच्या तोंडापासून वरच्या अंगाला चालत जावे, जेथे ओल थांबते तेथे थांबावे, आणि ती घाण कोणत्या घरातून, उपाहारगृहातून वा कारखान्यातून येते ते नोंदवून तिला योग्य त्या नळाची वा शोषखड्ड्याची वाट करून द्यावी. पाश्चात्त्य शहरांत चोरट्या जोडण्या शोधण्याची मुख्य रीत हीच आहे. दुसरी पाहणी पहिल्या मोठ्या सरीच्या वेळी करावी. तेव्हा निवडक मोऱ्यांपाशी पाण्याचे नमुने घ्यावेत आणि त्यांतील गाळ, प्राणवायूची गरज व विष्ठाजन्य जिवाणू यांची तपासणी शासकीय प्रयोगशाळेत व्हावी. तिसरी पाहणी दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि काठावर अडकलेल्या कचऱ्यावरून कोणत्या नाल्याने काय आणले हे डोळ्यांनी वाचता येते.

अशा नोंदीचा लाभ असा की तिच्यामुळे खर्चाला क्रम लागतो. सर्वच नाले सारखे दोषी नसतात. थोड्याच नाल्यांतून घाणीचा मोठा वाटा येतो, असा बहुतेक शहरांचा अनुभव आहे. ते नाले कोणते हे ठाऊक नसताना सरसकट नदीकाठचे सुशोभीकरण हाती घेतले की भिंती उभ्या राहतात, दिवे लागतात, बाके बसतात आणि पाणी मात्र होते तसेच राहते.

५

नर्सीचा विचार करताना दोन बाबी वेगळ्या कराव्या लागतात: गावाचे नित्याचे वर्तन आणि परतवारीचा नैमित्तिक भार. नित्याच्या बाबीत शिकण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे करून रस्त्यावरच्या उघड्या नाल्याच नाहीशा केल्या. गावातील डास हटले, आणि पुढे जिल्हा परिषदेने ती रीत अनेक गावांत नेली, ती नांदेड पॅटर्न म्हणून ओळखली जाते. चार फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोट्यांचा भराव, आणि गाळ टाकीतच बसून स्वच्छ झालेले पाणी बाजूने मुरावे अशी रचना, एवढाच या साधनाचा पसारा. उघडी नालीच नाहीशी झाली म्हणजे पहिल्या पावसाने उचलावयाचा काळा गाळही नाहीसा होतो. सांडपाण्याचा हा उपाय पाऊसपाण्याचाही उपाय ठरतो तो असा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा सारा प्रदेश काळ्या मातीचा. ओली झाली की ती फुगते, तिच्यातली छिद्रे मिटतात आणि पाणी वरच्यावर साचते. म्हणून शोषखड्डा मातीच्या थरात न सोडता खालच्या मुरुमापर्यंत नेला पाहिजे. जेथे मुरूम फार खोल आहे तेथे अनेक घरांचे पाणी एकत्र करून कर्दळ, अळू, वेखंड अशा पाणथळ वनस्पतींच्या उथळ वाफ्यांतून ते फिरवावे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, फायटोरिड या नावाने विकसित केलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी व हातपंप यांपासून शोषखड्डा दूर असावा ही अट तर कोणत्याही परिस्थितीत मोडू नये.

उकिरड्याचा प्रश्न याहून अवघड, कारण तो सवयीशी निगडित आहे. ओढ्याच्या काठची जागा कोणाच्याच मालकीची वाटत नाही, आणि म्हणून गावाचे उकिरडे हटकून तेथेच असतात. शेणखत हे शेतकऱ्याचे धन आहे. परंतु तेच खत पावसाने ओढ्यात गेले म्हणजे धनही जाते आणि पाणीही नासते. उकिरडा ओढ्यापासून उंच जागी हलवणे, त्याला तिन्ही बाजूंनी मातीचा बांध घालणे आणि पावसाळ्यापूर्वी खत शेतात पोहोचवणे ही कामे ग्रामपंचायत ठरावाने करू शकते. ओढ्याच्या दोन्ही काठांना गवताची रुंद पट्टी राखली तर सोयाबीन-हळदीच्या शेतांतून धुऊन येणारी माती आणि तिच्याबरोबरची खते त्या गवतात बऱ्याच अंशी अडतात.

परतवारीसाठी पंढरपूरचा अनुभव उपयोगी आहे. तेथे चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या उभारून मुक्काम करण्याची प्रथा होती. २०१४ च्या सुमारास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली, वारकऱ्यांसाठी नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ विकसित झाला, आणि निर्मल वारीच्या उपक्रमाने पालखी मार्गावर फिरती शौचालये उभी राहू लागली. वारकऱ्यांनी या बदलास मोठ्या प्रमाणावर साथ दिली, कारण नदी निर्मळ राहावी ही त्यांचीच इच्छा होती. नर्सीतही वाहनतळ, मुक्काम, अन्नदानाच्या पंगती आणि शौचालये यांच्या जागा नदीकडे उतरणाऱ्या ओढ्यांपासून दूर आखून ठेवाव्यात; पत्रावळी व खरकटे यांसाठी झाकलेल्या गाड्या पंगतीच्या ठिकाणीच उभ्या असाव्यात; आणि एकादशीच्या रात्री, द्वादशीची वाट न पाहता, सफाईची पाळी लागावी, कारण मधल्या रात्रीचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. गाडगेबाबांनी कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गाव झाडण्याचा जो पायंडा पाडला त्याला महाराष्ट्राने अपार मान दिला, त्यांच्या नावाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियानही चालवले. परतवारीच्या दिंड्यांनी तो पायंडा कीर्तनानंतरही चालवला तर नामदेवांच्या गावाला त्याहून योग्य सेवा दुसरी नाही.

६

हिंगोली शहराला पिण्याचे पाणी सिद्धेश्वर जलाशयातून, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातून येते, आणि वापरून झाल्यावर ते उतरते कयाधूच्या खोऱ्यात. ज्या नदीचे आपण पाणी पीत नाही तिच्या शुद्धतेविषयी शहर उदासीन राहते हा मनुष्यस्वभाव आहे. नेमक्या याच कारणासाठी शहराची योजना सद्भावनेवर न सोडता नियमांनी बांधली पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते, आणि ज्या पैनगंगेला कयाधू जाऊन मिळते तिचा त्यांत समावेश होता. २०२२ च्या यादीत देशातील संख्या ३११ पर्यंत उतरली. महाराष्ट्राची मात्र ५५ झाली आणि ती सर्व राज्यांत अधिक होती. मोठ्या नद्यांचे हे कलंक लहान नद्यांनी आणि त्यांच्या नाल्यांनी आणून दिलेले असतात.

शहरातील कामांना नक्षत्रांचे वेळापत्रक लावले तर ते कर्मचाऱ्यांनाही लक्षात राहील आणि नागरिकांनाही. रोहिणी लागण्यापूर्वी नाल्यांचा गाळ काढून तो त्याच दिवशी उचलला जावा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या पावसाने पुन्हा नालीत जातो, आणि दरवर्षी त्याच कामाचे देयक पुन्हा निघते. मृगापूर्वी भाजीबाजार, मांसबाजार, बसस्थानकाचा परिसर आणि हळदीच्या मोंढ्याचे आवार कोरडे झाडून घ्यावे. पाण्याचा फवारा मारून धुऊ नये, कारण धुतलेली घाणही नालीतच जाते. गॅरेजांनी जुने तेल पिंपात साठवून अधिकृत खरेदीदारास द्यावे, आणि त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणास ही अट असावी. बांधकामाची वाळू-माती रस्त्यावर टाकण्यास मनाई करून ढिगाभोवती विटांचा आडवा थर लावणे सक्तीचे करावे. २०१६ च्या बांधकाम-राडारोडा नियमांनी नगरपालिकेला तसा आधार दिला. नव्या इमारतींच्या छपराचे पाणी विंधनविहिरीच्या भोवती किंवा अंगणातल्या चरात मुरवले म्हणजे रस्त्यावरचा लोंढाच कमी होतो. जलेश्वर तलावासारखी जुनी जलस्थाने पाऊसपाण्याला विसावा देणारी आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी कुंड व जाळी ठेवली, तर तलाव शोभेचे स्थळ राहूनही शहराच्या उपयोगी पडेल.

मराठवाड्यातच याचे उदाहरण घडत आहे. छत्रपती संभाजीनगरातील खाम नदी, जिच्या काठी मलिक अंबरच्या नहरींची आणि पाणचक्कीची परंपरा आहे, ती अनेक दशके उघडे गटार झाली होती. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, एका उद्योगसमूहाचे प्रतिष्ठान आणि एक पर्यावरण संस्था यांनी मिळून तिचे काठ मोकळे केले, कचरा टाकण्याच्या जागा बंद केल्या, वस्त्यांतून कचरा गोळा करण्याची व्यवस्था सुधारली आणि काठांवर झाडे लावली. तेथील काम पूर्ण झालेले नाही. परंतु नदीची स्वच्छता नदीपात्रात सुरू न होता गल्लीतल्या कचऱ्याच्या गाडीपासून सुरू होते, हे त्या कामाने दाखवून दिले आहे.

७

कायदा नाही अशी सबब कोणाला पुढे करता येणार नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. १९७४ च्या केंद्रीय कायद्याचे २४ वे कलम नदी-ओढ्यांत घातक द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई करते. १९६५ चा नगरपरिषद कायदा आणि १९५८ चा ग्रामपंचायत कायदा नाल्यांची निगा या संस्थांकडे सोपवतात. पाऊसपाण्याच्या निचऱ्याविषयी केंद्र शासनाची स्वतंत्र मार्गदर्शिका २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. पैशाचीही तजवीज अगदीच नाही असे नाही: पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवला, आणि स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाच्या आतील वस्तीच्या शहरांना वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थेसाठी निधीची तरतूद झाली. उणीव आहे ती एका हद्दीत सुरू झालेला दोष दुसऱ्या हद्दीत मोजला जाऊन पुन्हा पहिल्या हद्दीच्या दारी पोहोचेल अशा यंत्रणेची.

म्हणून नाल्यांची ही नोंदवही ग्रामपंचायतीच्या व नगरपरिषदेच्या स्वतंत्र कपाटांत न ठेवता जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली एकच असावी, आणि तिचे वाचन ठरलेल्या दिवशी जाहीरपणे व्हावे. १ मे आणि १५ ऑगस्ट या दोन्ही दिवशी ग्रामसभा भरतात. उन्हाळ्याच्या पाहणीत कोणते नाले वाहताना आढळले हे १ मे रोजी, जो हिंगोली जिल्ह्याचाही स्थापनादिन आहे, सांगावे. पहिल्या सरीचे नमुने काय सांगतात आणि परतवारी झाली असल्यास ती कशी पार पडली हे १५ ऑगस्टला सांगावे. नगरपरिषदेने आपल्या सर्वसाधारण सभेत तेच करावे. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून सुरू झालेल्या ‘चला जाणूया नदीला’ या अभियानाने नदीकाठी चालत जाऊन लोकांशी संवाद साधण्याची कल्पना राज्यभर नेली. त्या संवादाला अशा लेखी हिशेबाची जोड मिळाली नाही तर तो उत्साहाबरोबरच ओसरून जाईल.

या वाचनाला नर्सी आणि हिंगोलीच्या लोकांखेरीज आणखी एका वर्गाला सन्मानाने बोलावले पाहिजे. हिंगोलीच्या खालच्या अंगाला, कळमनुरी तालुक्यातल्या कयाधूकाठच्या गावांत, याच नदीवर ज्यांची जनावरे पाणी पितात, ज्यांच्या विहिरी तिच्या झिरप्यावर भरतात आणि ज्यांचे मोटारपंप तिच्या डोहांत बसवलेले आहेत, त्या शेतकऱ्यांनी वरच्या वस्त्यांना आजवर काही विचारलेले नाही, कारण विचारावे कोणाला हेच त्यांना ठाऊक नव्हते. क्रमांक, क्षेत्र आणि जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा यांनिशी नोंदवही तयार झाली म्हणजे त्यांना तो पत्ता मिळतो. अमुक नाल्याचे पाणी यंदाच्या मृगात इतके मलिन का होते, असे खालच्या गावचा शेतकरी भर सभेत उभा राहून विचारील आणि शहराला त्याचे उत्तर लेखी द्यावे लागेल, त्या दिवशी पाऊसपाण्याच्या शुद्धतेची योजना कागदावरून अमलात आली असे निःशंकपणे म्हणता येईल.